मेलितोनची तीन पावलं

न्येवेस हारेरोला एका जागी गप्प बसलेली कुणी पाहिलेली नाही. आणि पोटासाठी तिने काम निवडलं ते असं, की दिवसभर एका वीतभर बाहुल्यासमोर श्वाससुद्धा जपून सोडावा लागतो. लोक याला हसतात. हसू देत. तिच्यासारखा हात अख्ख्या ग्वादालाहारा शहरात दुसरा दाखवा, मग हसा.

ती मूळची शहराजवळच्या तोनाला गावची. तिथे घरटी माती. कुणी माठ करतं, कुणी थाळ्या, कुणी नुसतं दुसऱ्यांच्या मालाला नावं ठेवतं. न्येवेसने पंधराव्या वर्षी शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, एका सोमवारी गेली नाही, मंगळवारीही गेली नाही, आणि बुधवारी बाईंचा निरोप आला तेव्हा ती शेजारच्या कारखान्यात थाळ्यांवर पोपट रंगवत होती. दिवसाला साठ पोपट. पण एक दुसऱ्यासारखा नाही. एक रुसलेला, एक पेंगुळलेला, एक शेजारच्या थाळीतल्या पोपटाकडे तिरक्या डोळ्याने बघणारा. मालक म्हणाला, गिऱ्हाइकाला सहाच्या सहा थाळ्या सारख्या लागतात. ही म्हणाली, मग ठसा करून मारा ना. झालं, ती नोकरी गेली.

मग तिने नखाएवढी भांडी करायला घेतली. नखाएवढा माठ, त्याला नखाएवढं झाकण. बाजारात मांडून बसायची. एक दिवस रेनाता ओल्मेदो नावाची बाई आली, चष्मा कपाळावर, हाताला सगळा रंग. तिने सगळी भांडी उचलली आणि विचारलं, अशीच पण फुटलेली करशील का? बाहुल्यांचा सिनेमा करते म्हणाली, त्यात एका घरात भांडण होतं. न्येवेस फुटकी भांडी पोचवायला म्हणून तिच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि तिथे तिने पहिल्यांदा पाहिलं. टेबलावर एक बाहुला उभा. एक माणूस त्याची मान केसभर वळवतो, मागे सरकतो, फोटो काढतो. परत केसभर, परत फोटो. तासाभराने त्याने ते सगळे फोटो पडद्यावर एकामागून एक पळवले आणि बाहुल्याने मान वळवून सरळ न्येवेसकडे बघितलं. ही खुर्चीवरून उठलीच. भांडी तिथेच राहिली. त्याला आता अकरा वर्षं झाली, आणि ती काही परत बाजारात बसली नाही.

वर्कशॉप सांता तेरे भागात आहे, पहिल्या मजल्यावर. खाली डोन्या केताचं तोर्ताचं, म्हणजे भरल्या पावाचं, दुकान. डोन्या केता म्हणजे साठीची, आडव्या बांध्याची बाई, पाव सॉसमध्ये बुडवता बुडवता रस्त्यावरच्या प्रत्येकाचं मूल्यमापन करणारी. रेनाताने सुरुवातीपासून एक रीत पाडली होती. आठवडाभर जो शॉट झाला असेल तो शुक्रवारी दुपारी खाली न्यायचा, डोन्या केताच्या मिठाच्या डब्याला टेकवून लॅपटॉप ठेवायचा, आणि जे कुणी खात बसलं असेल त्यांना दाखवायचा. आपण काही सांगायचं नाही. फक्त विचारायचं, काय झालं? लोक सांगतील तेच झालं. आपल्या मनात काय होतं याला तिथे काही किंमत नाही. रेनाताच्या सिनेमांत कुणी बोलत नाही, एक शब्द नाही, त्यामुळे ही परीक्षा टाळता येत नाही.

त्या वर्षीचा सिनेमा होता मेलितोनचा. मेलितोन तुबा, म्हणजे मोठ्या तोंडाचं अवजड पितळी वाद्य, वाजवणारा म्हातारा, गावच्या बँडमधला. ताठ. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून बँडवाल्यांशी भांडला आणि घरी बसला. तुबा कोपऱ्यात, त्यात कोंबडी अंडी घालते. बाहुल्याला तोंडच नव्हतं, सगळी जागा मिशीने खाल्लेली. डोळे, पापण्या, भुवया, आणि बाकी अंग. पहिल्याच आठवड्यात त्याच्या उजव्या खुब्याचा सांधा ढिला पडला आणि पाय आखूड पडायला लागला. दुसरा सांधा यायला महिना लागणार होता. न्येवेसने तो पाय तसाच वापरला, मेलितोनला लंगडा केला. रेनाताला ते इतकं आवडलं की नवा सांधा आल्यावरही लंगडणं ठेवलं. भिंतीवर तक्ता लागला: डावं पाऊल मोठं, उजवं छोटं, उजव्यावर खांदा खाली. वर्कशॉपमधली माणसं संडासला जातानासुद्धा तशी चालायला लागली होती. एकदा पाहुणा आला, त्याला वाटलं या लोकांना काहीतरी साथ आहे.

घोडं अडलं सत्तेचाळीस नंबरच्या शॉटवर. बँडची माणसं मेलितोनच्या दारात येतात, टोप्या हातात घेऊन, आणि खुणेने म्हणतात, चला, जत्रेला तुमच्याशिवाय वाजणार नाही. मेलितोन आतून नुसता उकळतो आनंदाने. पण दाखवणार नाही, मेला तरी दाखवणार नाही. नऊ सेकंद. सगळा सिनेमा त्या नऊ सेकंदांवर टांगलेला. ते कळलं तर पुढचं सगळं कळतं, नाही कळलं तर लोकांना वाटेल म्हातारा उगाचच बँडबरोबर गेला.

न्येवेसने जीव ओतला. आरशासमोर शंभर वेळा करून बघितलं, स्वतःचे व्हिडिओ काढले. मग चार दिवस टेबलावर. सेकंदाला बारा वेळा बाहुला हलवायचा, म्हणजे नऊ सेकंदांना एकशे आठ वेळा. चिमट्याने पापणी बदल, भुवई मेणावर सरकव, खांदा केसभर, फोटो. भुवया वर गेल्या, थरथरल्या, खाली आल्या. मिशी उडाली. हात छातीकडे गेला, मध्येच थांबला, मुठीत वळला. डोळे भरून आल्यासारखे, मग पलीकडे. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही.

शुक्रवारी लॅपटॉप मिठाच्या डब्याला टेकला. डोन्या केताने हात पुसले, बघितलं, परत लावायला सांगितलं, आणि म्हणाली, "याचं पोट बिघडलंय."

शेजारच्या गॅरेजचा माणूस म्हणाला, छे, पोट कसलं, घरातलं कुणीतरी गेलंय, ते कळवायला आलेत. एक पोस्टमन बसला होता, त्याने शांतपणे विचार करून सांगितलं की हा माणूस शिंक दाबतोय. एका बाईला वाटलं तो त्यांना ओळखत नाही आणि ओळखीचं नाटक करतोय. आनंद हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. न्येवेस तोर्ता तशीच टाकून वर गेली.

आणि नेमका त्याच आठवड्यात राजधानीतून अरिस्मेन्दींचा फोन. अरिस्मेन्दी म्हणजे या सिनेमाचे निर्माते, सभ्य माणूस, पण घाबरट. त्यांना पहिल्यापासून वाटत होतं की बिनबोलता सिनेमा लोकांना झेपणार नाही, एक आवाज हवा, गोष्ट सांगणारा. आता त्यांनी आवाज ठरवूनच टाकला होता. एव्हारिस्तो लीरा. रेडिओवर गाद्यांपासून गायीच्या औषधापर्यंत सगळं ज्याच्या आवाजात विकलं जातं तो. रेनाता फोनवर अर्धा तास भांडली. शेवटी तडजोड अशी झाली: तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी अरिस्मेन्दी स्वतः येणार, लीरालाही आणणार, आणि खालच्या दुकानात सत्तेचाळीस नंबर लावायचा. लोकांना कळलं तर सिनेमा मुका राहील. नाही कळलं तर पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत लीरा बोलेल. म्हातारा उठला, म्हाताऱ्याला आनंद झाला, पण तो दाखवेना, असं सगळं.

रेनाताने हे सांगितलं तेव्हा न्येवेसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अकरा वर्षं तिने ज्यासाठी घातली होती ती हीच गोष्ट, की बाहुला स्वतः सांगेल. त्याच्या डोक्यावर कुणी बडबड करणार म्हणजे तिने केलेल्या प्रत्येक पापणीवर पांघरूण. रेनाता म्हणाली, तुला नको असेल तर शॉट मी करते. न्येवेस म्हणाली, हात लावून बघ.

दोन आठवडे तिने आनंद लपवणारी माणसं शोधली. लग्नाच्या हॉलबाहेर उभी राहिली. शाळेचे निकाल लागले तिथे गेली. पण शहरात आनंद लपवतंय कोण. सगळे उड्या मारतात, मिठ्या मारतात, फोटो काढतात. मग एका रविवारी तोनालाला घरी गेली, बाप दारात बसून मुखवटा घासत होता, आणि तिच्या डोक्यात लख्ख पडलं की आपण गावभर फिरलो आणि असला माणूस तर घरात बसलाय.

तिचा बाप सिरीलो. चाळीस वर्षं तास्तोआन झालेला माणूस. पंचवीस जुलैला तोनालाच्या चौकात जे तास्तोआन उतरतात त्यांच्यातला. चामड्याचा भयानक मुखवटा, हातभर नाक, गालांवर सरडे-विंचू चिकटवलेले, पाठीवर घोड्याच्या शेपटीचे केस. घोड्यावरून संत सान्तियागो येतो आणि काठीने एकेकाला झोडपतो, आणि मार खाणं हा मान. मुखवट्याच्या आतून माणूस जे काय बरळतो ते कुणालाही कळत नाही, आणि कळायचं नसतंच. न्येवेस सहा वर्षांची असताना चाळीस मुखवट्यांतून बापाला ओळखायची, आणि आज स्वारी खुशीत आहे की नाही तेही सांगायची. आता दोन वर्षं सिरीलोचं गुडघ्याचं दुखणं. चौकात उतरणं बंद. कुणी विचारलं तर म्हणायचा, कंटाळा आला, पोरांना खेळू दे. आणि जुलै आला की दारात बसून असे मुखवटे करायचा की बघणाऱ्याला रात्री झोप लागू नये.

न्येवेस उठली आणि तडक तास्तोआनांच्या कप्तानाकडे गेली. कप्तान एलेउतेरियो, चौथी गल्ली, गाढवासारखा कामसू माणूस. ती म्हणाली, यंदा राजा कोण होतोय? एलेउतेरियो म्हणाला, अजून ठरलं नाही. राजाला पळायचं नसतं, सिंहासनावर बसून हुकूम सोडायचे असतात, आणि शेवटी सगळ्यांत मोठा मार त्याला. ती म्हणाली, मग पापाला का विचारत नाहीस? तर एलेउतेरियोने मान खाली घातली. त्याच्या मनात ते मागच्या वर्षीपासून होतं, पण सिरीलोंना विचारायचं कुणी. तोंडावर दार आपटतील. न्येवेस म्हणाली, आपटलं तर माझ्या तोंडावर आपटतील, तू चल. फक्त उद्या सकाळी नऊला ये, आणि दारातच उभा राहा, आत येऊ नकोस.

सकाळी तिने खिडकीतल्या निवडुंगाच्या कुंडीमागे व्हिडिओ चालू करून फोन लपवला. कुणाला न विचारता. हे बरोबर नव्हतं, तिलाही माहीत होतं.

एलेउतेरियो दोघांना घेऊन आला. टोप्या हातात. सिरीलो ब्रश धुवत होता. एलेउतेरियोने घसा साफ केला, यंदा राजा तुम्ही व्हा म्हणाला, आणि जिना चढून आल्यासारखा धापा टाकायला लागला. सिरीलोने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बघू." आणि आत निघून गेला.

बस. एवढंच. एलेउतेरियोचा चेहरा पडला. न्येवेसचाही. बापाच्या तोंडावर एक रेघ हलली नव्हती. ती बसमध्ये बसून फोनवर ते बघत परत निघाली, दोनदा, तीनदा, आणि काही नाही. एक म्हातारा उभा आहे, मग एक रिकामं दार आहे.

पण बाहुल्यांचा सिनेमा करणाऱ्या या लोकांना एक खोड असते. कुठलीही हलती गोष्ट दिसली की ते फ्रेम फ्रेम करून बघतात. कुत्रा उडी मारतो तेही, सासू चहा ओतते तेही. बस सान पेद्रोच्या पुलाखाली अडकली होती, ड्रायव्हर कुणालातरी शिव्या देत होता, आणि न्येवेस अंगठ्याने बापाला एकेक फ्रेम पुढे सरकवत होती. शब्द ऐकल्यावर तो थिजला होता. सव्वा सेकंद, हातातला ब्रशसुद्धा नाही हलला. मग वळला, पाठ केली. आणि निघाला. डावा पाय. उजवा. डावा.

न्येवेस सीटवरून उठलीच, मागचा माणूस ओरडला. सिरीलो लंगडत नव्हता. दोन वर्षं ज्या गुडघ्याने सबंध घराला कामाला लावलं होतं तो गुडघा गायब. सरळ तीन पावलं, सोळा वर्षांच्या पोरासारखी. चौथ्या पावलाला त्याला आठवण झाली. तो अर्धा क्षण अडखळला, आणि मग नीट, नेहमीसारखा, रीतसर लंगडत आत गेला.

बसमध्ये ती एकटी खो खो हसत होती. शेजारच्या बाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

वर्कशॉपवर गेल्या गेल्या तिने सत्तेचाळीसची सगळी मांडणी मोडली. बाहुला चालायचा म्हणजे जमिनीला भोकं पाडावी लागतात, प्रत्येक पावलाखाली एक, त्यातून खालून स्क्रू येतो आणि पाय धरून ठेवतो, नाहीतर बाहुला कोसळतो. मेलितोनच्या घरात सगळी भोकं लंगड्या अंतराची होती, मोठं-छोटं-मोठं-छोटं. तिने ड्रिल घेतलं आणि दारापासून तीन भोकं सारख्या अंतरावर पाडली. रेनाता तेव्हा पुएब्लाला गेली होती, नाहीतर ड्रिल हातातून काढून घेतलं असतं. शॉटसाठी बनवलेल्या पापण्यांचा डबा न्येवेसने बंद करून शेल्फवर ठेवला. चेहऱ्याला हातच लावायचा नाही. थिजणं पंधरा फोटो, तेही कठीण, कारण बाहुला अगदीच स्तब्ध ठेवला तर मेल्यासारखा दिसतो. मिशीचं टोक तेवढं केसभर हलतं ठेवलं, श्वास म्हणून. मग वळणं. मग तीन पावलं.

ती तीन पावलं करताना तिला घाम फुटला. हाताला सवय झाली होती. सहा महिने उजवा पाय आला की बोटं आपोआप खांदा खाली दाबत. दोनदा दाबला, दोनदा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तिने उजव्या हाताच्या बोटावर चिकटपट्टी लावली, आठवण राहावी म्हणून.

बुधवारी झालं. रेनाता गुरुवारी सकाळी आली, बॅग खांद्यावर तशीच, शॉट बघितला, आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "लंगडायला विसरलीस."

न्येवेसने सांगायचा प्रयत्न केला. रेनाता ऐकेना. वर्कशॉपमधल्या बाकीच्यांनीही बघितलं, सगळ्यांनी एकच सांगितलं: तीन पावलं चुकलीत. त्यांचाही दोष नाही. सहा महिने ज्यांनी ते लंगडणं मोजलं, तपासलं, जपलं, त्यांना लंगडणं गेलेलं दिसलं की चूकच दिसणार. त्यांना मेलितोन दिसतच नव्हता, तक्ता दिसत होता. रेनाता म्हणाली, उद्या अरिस्मेन्दी येतोय. हे लावलं तर तो म्हणेल यांना स्वतःचा बाहुलासुद्धा सांभाळता येत नाही. जुना शॉट लावू, निदान त्यात काहीतरी घडतंय.

"जुना लावलास तर मी इथून जाते," न्येवेस म्हणाली, "आणि परत येत नाही."

रेनाताने चष्मा डोळ्यांवर घेतला. अकरा वर्षांत तिने अशी धमकी ऐकली नव्हती. भांडी विसरून आलेली ही पोरगी कधी दार आपटूनसुद्धा गेली नव्हती. ती म्हणाली, बरं. नवा लावू. पण बुडालो तर दोघी मिळून बुडालो, मग तू एकटी रडत बसायचं नाहीस.

न्येवेसचं अजून एक काम राहिलं होतं. दुपारी ती तोनालाला गेली. बापाला कुंडीमागच्या फोनचं सांगितल्याशिवाय ते नऊ सेकंद चार लोकांसमोर लावणं तिला जमणार नव्हतं. सिरीलो अंगणात होता, राजाच्या मुखवट्याला सोनेरी रंग देत होता, म्हणजे त्या 'बघू'चं काय झालं ते दिसतच होतं. तिने सगळं सांगून टाकलं, एका दमात, माफी मागितली, आणि शॉट दाखवला.

सिरीलोने तीनदा बघितला. फोन जवळ घेतला, लांब धरला. मग विचारलं, "हा कुठल्या पायाने लंगडतो?"

"उजव्या."

"माझा डावा. मग हा मी नव्हे. कुणाला दाखवायचा त्याला दाखव."

आणि परत रंगाकडे वळला. न्येवेस उठून जायला लागली तेव्हा मागून म्हणाला की त्या माणसाची टोपी जरा मागे सरकवायला हवी होती, पाठमोरा असताना कान दिसले पाहिजेत, कान लाल होतात. ती म्हणाली, पापा, आता वेळ नाही. तो म्हणाला, मग राहू दे, मला काय.

शुक्रवारी दोन वाजता दुकान भरलेलं. गॅरेजचा माणूस, त्याचा मेहुणा, पोस्टमन, पलीकडच्या औषधाच्या दुकानातल्या दोन मुली. अरिस्मेन्दी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सॉस उडेल म्हणून भिंतीला चिकटून उभे राहिले. त्यांच्या मागून एव्हारिस्तो लीरा. आवाजावरून लोकांना वाटायचं हा सहा फुटी असेल. निघाला न्येवेसच्या खांद्याएवढा, टक्कल पडलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. हातात टाइप केलेले कागद, पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंतचं बोलणं. आल्या आल्या तो स्टुलावर बसला आणि त्याने दोन तोर्ता मागवल्या, जास्त तिखट.

रेनाताने आधी सिनेमाची सुरुवात लावली, मेलितोन घरात लंगडत फिरतो तेवढी, मग सत्तेचाळीस. न्येवेस काउंटरच्या टोकाला उभी होती, चिकटपट्टी अजून बोटावर, ती काढायचं भान नव्हतं.

दारात माणसं आली. टोप्या हातात. मेलितोन थिजला. दुकानात कुणीतरी कागद चुरगळत होतं, ते थांबलं. मेलितोन वळला. एक. दोन. तीन.

डोन्या केता हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग तिला सॉसचा डाव खाली ठेवावा लागला. मेलितोनला पाय आठवला, तो रीतसर लंगडायला लागला, आणि गॅरेजवाल्याच्या मेहुण्याने टेबलावर थाप मारली. औषधवाल्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या.

रेनाताने विचारलं, काय झालं?

"काय झालं म्हणजे," डोन्या केता डोळे पुसत म्हणाली. "याला जायचंय. केव्हाचं जायचंय. लबाड मेला, पाय दुखतो म्हणे."

पोस्टमन म्हणाला, आमच्या सासऱ्याचं अस्संच. गॅरेजवाला म्हणाला, सगळ्यांच्याच सासऱ्याचं असं. मग प्रत्येकाला आपल्या घरातला एकेक म्हातारा आठवला आणि दुकानात असा गोंगाट झाला की लॅपटॉप कुणी बंद केला ते कळलं नाही. रेनाता न्येवेसकडे बघत होती. कपाळावरचा चष्मा काढून तिने शर्टाला पुसला, आणि पुसतच राहिली.

अरिस्मेन्दी भिंतीपासून सुटले. म्हणाले, छान आहे, फारच छान, पण तरीसुद्धा मला वाटतं एक ओळ, एखादीच ओळ आवाजाची असावी, सुरक्षित म्हणून. एव्हारिस्तो, इथे तुझं काय आहे?

लीराने पहिली तोर्ता संपवली होती. त्याने हात पुसले, कागद चाळले, सत्तेचाळीस नंबर काढला. मग त्या सुप्रसिद्ध, गाद्या विकणाऱ्या, लोण्यासारख्या आवाजात वाचलं: "म्हाताऱ्याच्या मनात आनंदाचं कारंजं उसळलं, पण त्याने ते कुणाला दाखवलं नाही."

सगळं दुकान गप्प. ते गप्प बसणं चांगलं नव्हतं. औषधवाल्या मुलींपैकी एक कुजबुजली, हा कशाला सांगतोय.

लीराने ते ऐकलं. कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि अरिस्मेन्दींना म्हणाला, "साहेब, हे मी बोललो तर लोक मला बाहेर मारतील. आणि बरोबर करतील." मग त्याने स्टूल न्येवेसच्या दिशेने फिरवलं आणि विचारलं, बाई, तो परत लावता का, मला पावलं बघू द्या.

तिने लावला. त्याने पाच वेळा बघितला. पाचव्या वेळेला अरिस्मेन्दीही वाकून बघत होते, टाय सॉसमध्ये, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, आवाज नको. आणि मग स्वतःच्याच बोलण्याने दचकल्यासारखे म्हणाले, कुठेच नको.

डोन्या केताने त्यांच्यासमोर तोर्ता ठेवली आणि त्यांना बसायला लावलं. रेनाता न्येवेसला म्हणाली, तू पण बस, आज तुझ्या नावाची. न्येवेस म्हणाली, नाही, वर जाते. अठ्ठेचाळीस नंबरला मेलितोन तुब्यातून कोंबडी काढतो, आणि कोंबडीला निघायचं नसतं. दिवे लावून ठेवलेत, कोंबडीचं मेण वितळेल.

जिन्यावरून वर जाताना तिने बोटावरची चिकटपट्टी ओढून काढली, आणि वर पोचेपर्यंत ती कोंबडीसारखी मान पुढे-मागे करत चालत होती, किती फ्रेमला एक झटका बसतो ते मोजत.